गोळ्यांच्या कारखान्यास भेट

गेल्या डिसेंबर महिन्यात आमच्या शाळेच्या नववीच्या वर्गातील आम्ही चाळीस विद्यार्थी व विद्यार्थिनी गोळ्यांचा एक कारखाना पाहावयास गेलो होतो. खरे सांगावयाचे तर निघताना आमच्यापैकी बहुतेकांच्या मनात ज्ञानापेक्षा जिभेचाच विचार अधिक होता. परत आल्यावर वार्षिकासाठी लेख लिहिला पाहिजे, अशी अट मुख्याध्यापकांनी घातली, ती आम्ही मुकाट्याने मान्य केली; कारण गोळ्या किती मिळतील हाच प्रश्न त्या वेळी आम्हांस महत्त्वाचा वाटत होता. परतीच्या वाटेवर मात्र खिसे गोळ्यांनी भरलेले असूनही आमचे बोलणे एका निराळ्याच गोष्टीविषयी चालले होते. ती गोष्ट कोणती, हे वाचकांस क्रमाने सांगण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

मोटारीत बसल्यावर आमच्या विज्ञानाच्या बाईंनी थोडा पूर्वेतिहास सांगितला. गोळीस इंग्रजीत जो ‘कँडी’ शब्द आहे, तो मूळचा आपल्याच देशातला. संस्कृतात ‘खण्ड’ म्हणजे तुकडा. त्यावरून साखरेच्या खड्यास खांड म्हणू लागले. तोच शब्द फारसीत ‘कंद’ झाला आणि अरबी व फ्रेंच भाषांच्या वाटेने इंग्लंडात पोहोचला. ‘शुगर’ हा शब्दही ‘शर्करा’ या शब्दाचेच दूरचे रूप होय. उसाच्या रसापासून साखरेचे खडे करण्याची विद्या प्रथम हिंदुस्थानात सिद्ध झाली. इसवी सन ६४७ च्या सुमारास चीनच्या सम्राटाने ही विद्या शिकून येण्यासाठी मगध देशी माणसे पाठविली होती, अशी नोंद चिनी इतिहासात आहे.

अलीकडच्या काळातही या धंद्यात आपला प्रांत मागे राहिला नाही. मुंबईजवळील विलेपार्ले येथे १९२९ साली निघालेल्या पार्ले कंपनीने आरंभी बिस्किटे नव्हे, तर गोळ्याच केल्या. नाशिक जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात रावळगाव येथे वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली साखरेचा कारखाना काढला आणि १९४२ पासून तेथे गोळ्याही होऊ लागल्या. आमच्या आईवडिलांच्या लहानपणी ‘रावळगाव’ हे गावाचे नाव न राहता गोळीचेच नाव होऊन बसले होते. २०२४ साली त्या गोळ्यांची नावे व कृती रिलायन्सच्या एका कंपनीने २७ कोटी रुपयांस विकत घेतल्या. एखाद्या गोळीच्या केवळ नावास व कृतीस इतके मोल कसे यावे, याचे आम्हांस तेव्हा नवल वाटले. त्याचा उलगडा पुढे झाला.

आम्ही ज्या कारखान्यात गेलो तो यांच्या मानाने अगदी लहान. पन्नास-साठ माणसे तेथे काम करतात. फाटकातून आत शिरताच संत्र्याचा इतका गोड वास आला की, आमच्यातील काहींची पावले आपोआप त्या दिशेस वळली. परंतु व्यवस्थापकांनी आम्हांस थांबविले. प्रत्येकास केस झाकण्यासाठी कागदी टोपी दिली, हात धुवावयास लावले, अंगठ्या, बांगड्या व घड्याळे काढून एका पेटीत ठेवावयास सांगितली. आणि मग जेथे एकही यंत्र नाही अशा एका खोलीत नेले. ही वजनाची खोली. तेथे आम्हांस पुरता अर्धा तास उभे राहावे लागले. मागच्या रांगेत चुळबूळ सुरू झाली. वजनकाटे पाहण्यासाठी का आम्ही इतक्या दूर आलो?

व्यवस्थापकांनी मेजावर चार बशा मांडल्या. चारही बशांत पांढरी भुकटी होती. “हात न लावता व चव न घेता ओळखा,” असे ते म्हणाले. आम्ही वाकून पाहिले, एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले, आणि ज्याने त्याने निराळे उत्तर दिले. त्यांपैकी एक पिठीसाखर होती, दुसरे लिंबूसत्त्व, तिसरे मक्याचे पीठ आणि चौथी खडूची भुकटी. चाळीसांपैकी चारही भुकट्या अचूक ओळखणारा एकही निघाला नाही. “तुमचे डोळे वाईट नाहीत,” ते हसून म्हणाले, “पण पांढऱ्या भुकटीच्या बाबतीत डोळ्यांवर कोणी विसंबू नये. म्हणून ही खोली.”

मग त्यांनी तेथील रीत दाखविली. प्रत्येक पिंपावर व डब्यावर आतील पदार्थाचे नाव, तो आल्याची तारीख व क्रमांक लिहिलेला असतो. रंगांचे कपाट कुलपात असते. एका घाण्यास लागणारा प्रत्येक पदार्थ एक माणूस तोलतो, दुसरा ते वजन पाहतो, आणि दोघेही वहीत सह्या करतात. कोपऱ्यात एक निळा डबा बाजूस काढून ठेवलेला होता. त्यावरची चिठ्ठी वाटेत भिजून पुसली गेली होती. त्यात बहुधा लिंबूसत्त्वच आहे, परंतु तो तसाच परत जाणार, असे त्यांनी सांगितले. तेव्हा आमच्यातील एकाने विचारले, “बहुधा तेच आहे, तर वापरण्यास हरकत काय? फुकट नुकसान नाही का?” व्यवस्थापक म्हणाले, “प्रश्न चांगला आहे. उत्तर जाण्यापूर्वी देईन.”

यानंतर आम्ही पाकाच्या खोलीत गेलो. वाफेने तापणाऱ्या मोठ्या कढईत साखर व पाणी घालून प्रथम ती पूर्ण विरघळवितात. मग त्यात द्रवरूप ग्लुकोज घालतात. हा मधासारखा दाट पदार्थ मक्याच्या स्टार्चपासून करतात. साखर दोन भाग असेल तर हा सुमारे एक भाग. मग पाक उकळू लागतो.

पाकाची परीक्षा आपल्या घरी आई-आजी बोटांच्या चिमटीत करतात. एकतारी पाक, दोनतारी पाक, गोळीबंद पाक हे शब्द आम्ही नेहमी ऐकतो. परंतु त्यांत शास्त्र काय आहे, ते या खोलीत कळले. साधे पाणी १०० अंशांवर उकळते. त्यात साखर विरघळली की ते अधिक उष्णतेवर उकळते. आणि पाणी जसजसे वाफ होऊन जाते व साखरेचे प्रमाण वाढते, तसतसा उकळण्याचा अंशही चढत जातो. म्हणून पाकात बुडविलेला तापमापक खरे पाहता पाकात पाणी किती उरले हेच सांगत असतो. ११५ अंशांच्या सुमारास गोळीबंद पाक होतो. पाण्यात टाकलेला थेंब बोटांनी वळता येतो. कारखान्यातील पाक त्याही पुढे १५० अंशांपर्यंत नेतात. त्या वेळी शंभर भागांत पाणी जेमतेम एक-दोन भाग उरते. पाकावर एक वयोवृद्ध कारागीर होते. त्यांनी पळीभर पाक थंड पाण्यात सोडला, तो तत्काळ कडक झाला आणि मोडताच कट्‌कन वाजला. “काका, तापमापक असताना हे कशाला?” असे आम्ही विचारले. ते म्हणाले, “बाळांनो, तापमापकही कधी बिघडतो. दोघांची साक्ष जुळली म्हणजे मी कढई उतरवतो.” याहून अधिक वेळ पाक ठेवला तर तो लाल होऊन करपू लागतो, मोठ्या कारखान्यांत म्हणूनच हवा काढून घेतलेल्या बंद भांड्यात, कमी उष्णतेवर, शेवटचे पाणी काढतात.

येथे एक शंका उत्पन्न होते. साखरेचा पाक निवाला की साखर पुन्हा खड्यांच्या रूपाने जमते, हे आपण जाणतो. खडीसाखर अशीच होते. दोऱ्यावर पाक सावकाश निवू दिला म्हणजे खडे वाढत जातात. मग गोळी काचेसारखी पारदर्शक कशी राहते? बाईंनी हे आम्हांस शाळेतलेच उदाहरण देऊन समजाविले. प्रार्थनेच्या वेळी मुले रांगेत, सारख्या अंतरावर उभी असतात. तसे साखरेचे कण खडीसाखरेत ओळीने रचलेले असतात. परंतु मधल्या सुटीत मैदानावर मुले सैरावैरा धावत असता एकाएकी शिट्टी वाजली आणि प्रत्येकजण होता तेथे थबकला, तर जे दृश्य दिसेल, तशी गोळीतील कणांची स्थिती असते. पाक इतका दाट व इतक्या त्वरेने थंड केलेला असतो की, कणांस ओळीत लागण्यास सवड मिळत नाही. शास्त्रज्ञ अशा घन पदार्थास काचेच्याच वर्गात घालतात. ग्लुकोज घालण्याचे कारणही हेच; निराळ्या आकाराचे कण मध्ये आले म्हणजे साखरेच्या कणांस रांग धरता येत नाही. घरी पाकात लिंबू पिळतात, त्यायोगेही हेच साधते. आंबटपणामुळे थोडी साखर फुटून तिचे ग्लुकोज व फळांतील साखर असे दोन पदार्थ होतात आणि पाक साखरत नाही. उलट संक्रांतीच्या हलव्यास काटा हवा असतो. तेथे मंद आचेवर परातीतील तिळांवर थोडा थोडा पाक सोडून हाताने सतत फिरवितात. पाणी उडते, बारीक कण जमतात व काटा उभा राहतो. साखर एकच, परंतु बाळाच्या बोरन्हाणाचा हलवा एका स्वभावाने होतो, आणि गोळी दुसऱ्या.

कढईतील पाक मग मोठ्या पोलादी मेजावर ओतला. मेजाखालून थंड पाणी खेळत असते. पाक थोडा निवल्यावर त्यात रंग, संत्र्याचा अर्क व लिंबूसत्त्व घालून कणकेप्रमाणे मळतात. हे पदार्थ कढईतच का घालीत नाहीत? अर्क उकळत्या पाकात उडून जाईल. आणि लिंबूसत्त्व अति उष्ण पाकात फार वेळ राहिले तर साखर प्रमाणाबाहेर फुटेल व गोळ्या चिकट होतील. नाताळ जवळ आल्यामुळे त्या दिवशी पांढऱ्या-तांबड्या कांड्याही चालल्या होत्या. पारदर्शक पाकाचा गोळा आकड्यास अडकवून दोघे कारागीर तो ओढीत, दुमडीत व पुन्हा ओढीत होते. पाहता पाहता तो रेशमासारखा शुभ्र झाला. त्यात कोणताही पांढरा रंग घातला नव्हता. ओढताना आत शिरलेल्या हवेच्या असंख्य बारीक बुडबुड्यांमुळे प्रकाश विखुरला जाऊन तो शुभ्र दिसतो. शहाळ्याएवढ्या गोळ्याची पुढे हातभर लांब कांडी होते आणि पांढऱ्यावर तांबडी रेघ मळसूत्रासारखी चढते, हे पाहून आम्ही टाळ्या वाजविल्या.

साध्या गोळ्यांचा पाक मात्र यंत्रांच्या फिरत्या रुळांमधून जातो. तेथे त्याचा दोर होतो, दोर क्रमाने बारीक होतो, ठशांत शिरतो आणि पलीकडून गोळ्या टपटप पडू लागतात. थंड हवेच्या पट्ट्यावरून त्या आवेष्टनाच्या खोलीत जातात. त्या खोलीची हवा मुद्दाम कोरडी ठेवलेली असते. कारण ही साखरेची काच हवेतील दमट वाफ ओढून घेते. प्रथम ती चिकट होते, मग वरचे कण पुन्हा रांग धरू लागतात व गोळी पांढुरकी पडते. पावसाळ्यात उघड्या बरणीतील गोळ्या एकमेकींस का चिकटतात, ते आम्हांस येथे कळले. कागद गुंडाळण्याचे काम यंत्र करते. परंतु पट्ट्याच्या दोन्ही बाजूंस बसलेल्या ताई फुटकी, वाकडी अथवा डाग असलेली गोळी क्षणात टिपून बाजूस टाकतात. त्यांची दृष्टी पट्ट्यावरून हलत नव्हती. प्रत्येक खोक्यावर घाण्याचा क्रमांक छापलेला असतो. तो क्रमांक धरून मागे गेले की वजनाच्या खोलीतील त्या दोन सह्यांपर्यंत पोहोचता येते.

सारे पाहून झाल्यावर आम्ही एका पडवीत बसलो. समोर गोळ्यांची थाळी आली. ती फिरत असता व्यवस्थापकांनी आपले वचन पाळले आणि निळ्या डब्याविषयीच्या प्रश्नाचे उत्तर दिले. उत्तर म्हणजे एक घडलेली हकीकत होती.

इंग्लंडात ब्रॅडफर्ड नावाचे शहर आहे. दीडशेहून अधिक वर्षांमागे तेथे साखर महाग असे. यास्तव स्वस्त गोळ्यांत साखरेचा काही भाग काढून त्याऐवजी खडूसारखी एखादी पांढरी भुकटी मिसळण्याची रीत पडली होती. १८५८ साली ऑक्टोबरात एका गोळीवाल्याने शेजारच्या गावी औषधविक्याकडे ही भुकटी आणावयास माणूस धाडला. औषधविक्या आजारी होता. पिंप कोपऱ्यात आहे, असे त्याने आपल्या मदतनिसास सांगितले. कोपऱ्यात पांढऱ्या भुकटीची दोन पिंपे होती. मदतनिसाने १२ पौंड, म्हणजे सुमारे साडेपाच किलो, भुकटी तोलून दिली. ती सोमल होती. गोळ्या वळणारा कारागीर काम करता करता आजारी पडला. गोळ्यांचा रंग नेहमीसारखा नाही हेही ध्यानात आले. त्या कारणाने विकत घेणाऱ्याने किंमत कमी करून घेतली, आणि शनिवारच्या बाजारात त्या विकल्या. २० च्या वर माणसे मेली. २०० च्या आसपास आजारी पडली. मेलेल्यांत लहान मुले होती. प्रथम लोकांस वाटले, पटकीची साथ आली.

“या गोष्टीत दुष्ट माणूस कोणी आहे का?” व्यवस्थापकांनी विचारले. आम्ही विचार केला. विष घालावे असे कोणाच्याही मनात नव्हते. न्यायालयातही कोणास शिक्षा झाली नाही. परंतु पहिला म्हणाला, बहुधा हेच पिंप. दुसरा म्हणाला, बहुधा भुकटी थोडी वेगळी लागली असेल. तिसरा म्हणाला, रंग बरा नाही, पण बहुधा चालेल. अशा तीन ‘बहुधा’ एकापुढे एक ठेवल्या आणि त्यांच्या टोकास एक मूल उभे होते. त्याच्या हाती एक पेनी होती व गोळी घेताना त्याने काहीच विचारले नाही. त्या अनर्थानंतर तेथे खाद्यपदार्थांतील भेसळीविरुद्ध १८६० साली व विषांच्या विक्रीविषयी १८६८ साली कायदे झाले. आपल्या देशातही खाद्यपदार्थांसाठी २००६ सालचा कायदा आहे. गोळीत कोणते रंग घालावेत व ते किती, हे नियमाने ठरलेले आहे.

ही केवळ जुनी गोष्ट समजू नये, म्हणून त्यांनी आणखी एक सांगितली. जत्रेत काडीवर मिळणारे गुलाबी ‘म्हातारीचे केस’ आम्हांपैकी सर्वांनी खाल्ले आहेत. २०२४ साली फेब्रुवारीत पुदुच्चेरी व तमिळनाडू येथील सरकारांनी त्यांच्या विक्रीस बंदी केली. कारण तपासणीत त्यांत रोडामाइन-बी नावाचा, कापड रंगविण्यासाठी वापरला जाणारा रंग सापडला होता. तो अन्नात घालण्यास मनाई आहे. परंतु डोळ्यांस तो रंग मोठा सुंदर दिसतो.

निळ्या डब्याविषयी ज्याने प्रश्न विचारला होता, तो आमचा सोबती काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “म्हणजे नुकसान डब्याचे नव्हे, तो वापरला असता तर विश्वासाचे झाले असते.” व्यवस्थापकांनी मान हलविली. केवळ नाव व कृती यांस कोट्यवधी रुपये का पडतात, याचाही उलगडा आम्हांस तेथेच झाला. त्या नावाची गोळी आजवर लक्षावधी मुलांनी न विचारता तोंडात घातली, हेच त्या नावाचे मोल.

विश्वासाची ही गोष्ट बोलताना व्यवस्थापकांनी स्वतःच्या मालाचा दोषही झाकून ठेवला नाही. शुद्ध गोळीही फार खाल्ली तर अपाय करते. तोंडातील सूक्ष्म जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात व ते आम्ल दातांचे कवच झिजविते. गोळी तोंडात जितका वेळ राहील आणि दिवसातून जितक्या वेळा जाईल, तितका हा मारा वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली असा सल्ला दिला आहे की, वरून घातलेली साखर दिवसाच्या आहारातील शक्तीच्या दहाव्या भागाहून कमी असावी, आणि विसाव्या भागाहून कमी असल्यास अधिक चांगले. “माझ्या घरी जेवणानंतर एक, व मग चूळ भरणे, असा नियम आहे,” असे ते म्हणाले. गोळ्यांच्या कारखान्याचा व्यवस्थापक असे सांगतो, हे आम्हांस विशेष वाटले. आणि त्यामुळे त्यांच्या इतर शब्दांवरचा आमचा भरवसा वाढला.

सायंकाळी फाटकाबाहेर पडताना तो निळा डबा दिसला. परत धाडावयाच्या सामानात तो दोरीने बांधून ठेवला होता. सकाळी आम्ही त्याच्याजवळून कंटाळून गेलो होतो; आता तेथे थोडे थांबलो. मोटारीत बसल्यावर प्रत्येकाने एक गोळी उघडली. परंतु त्या दिवशी प्रथमच कागद टाकून देण्यापूर्वी आम्ही तो सरळ करून वाचला. त्यावर पदार्थांची नावे होती, तारीख होती आणि घाण्याचा क्रमांक होता. त्या क्रमांकामागे दोन सह्या आहेत, हे आम्हांस आता ठाऊक होते.

आम्हीही पुढे कोणी औषधे देऊ, कोणी पूल बांधू, कोणी मुलांस शिकवू, कोणी घरी स्वयंपाक करू. आमच्या हातचे ज्यांच्यापर्यंत जाईल, ती माणसे बहुधा आम्हांस कधी दिसणारही नाहीत. अशा वेळी मनात ‘बहुधा चालेल’ असे आले, तर तो निळा डबा आठवावा, एवढेच आम्ही त्या गोड गावाहून शिकून आलो.